शेजारच्या सीटखालचा ब्रेक

सोमवार, पहिलं बेट, दुपार

भिंगरे,

पाकीट फोडलंस ना? मग अर्धं काम झालं. आता टराटरा फाडू नकोस, पुढे वाच. पत्ता तुझ्या मावशीने दिला, पण तिच्यावर डाफरू नकोस. मी महिनाभर तिच्या डोक्यावर बसले होते, तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं.

तर बातमी अशी, की तुझे आईबाप सहलीला निघालेत. हो, तेच आईबाप, ज्यांनी लग्नानंतरची सहलसुद्धा 'पुढच्या सुट्टीत बघू' म्हणून कायमची ढकलली. ड्रायव्हिंग स्कूलला कुलूप लावलं, गाडीवर कव्हर घातलं आणि पाच बेटांच्या सहलीत नाव घातलं. एका बोटीतून उतरायचं, एक-दोन दिवस राहायचं, दुसऱ्या बोटीत चढायचं. बाकी सगळी नवी नवी जोडपी, एकमेकांचे फोटो काढणारी. त्यात आम्ही दोघं, मी गुडघ्याला पट्टा बांधून आणि हे उन्हाळी टोपी हातात धरून. डोक्यावर घालायची नाही, कारण म्हणे त्यात माणूस आंबेवाल्यासारखा दिसतो. नाकाचा टोमॅटो झालाय, पण हट्ट सोडतील तर शपथ.

आता मुद्द्यावर येते. चौथ्या बेटाहून पाचव्याला जी बोट जाते ती तू चालवतेस, हे मला कळलंय. यांना ठाऊक नाही. मी ताकास तूर लागू दिलेली नाही. यांना वाटतंय, म्हातारपणी हिला समुद्राची हौस आली. हौस कसली डोंबलाची! ही सहल मी निवडली ती त्या शेवटच्या बोटीसाठी. मला तू हवी आहेस, आणि तुम्ही दोघांनी एकमेकांशी बोलायला हवं आहे. एवढंच माझं मागणं.

तुला नको असेल तर टपालाच्या थैलीतून नुसतं 'नको' असं लिहून पाठव. मी पोटदुखीचं नाटक करून यांना चौथ्या बेटावरूनच माघारी नेईन. नाटक मला छान जमतं, आणि मी रागावणारही नाही. लॉजवाली बाई म्हणाली, पत्र आमच्या आधी पोचेल, कारण थैली मुक्काम करत नाही.

आई

बुधवार, दुसरं बेट, सकाळ

भिंगरे,

'नको' आलेलं नाही. म्हणजे एकतर पत्र पोचलं नाही, किंवा तू विचार करते आहेस. मी दुसरं धरून चालले आहे.

बोटीत बसल्यापासून यांची शिकवणी सुरू आहे. पहिल्याच बोटवाल्याला म्हणाले, "याला आरसा कुठाय? मागचं कसं दिसतं तुम्हाला?" तो म्हणाला, "काका, मागे समुद्रच आहे." धक्क्याला लागताना त्याने बोट तीनदा पुढेमागे घेतली, तर हे माझ्या कानात, "नापास." मला इतकं हसू आलं की गिळलेला चहा नाकातून आला. इथे सगळीकडे नारळाची झाडं आणि पांढरी वाळू, पाणी इतकं नितळ की खालचे मासे मोजावेत. हे मात्र धक्क्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींना मार्क देत असतात. तू शाळेत असताना दोघं मिळून चौकातल्या गाड्यांना द्यायचात ना, तसेच. परवा एका बोटीला दहापैकी नऊ दिले आणि सवयीने शेजारी बघितलं. शेजारी मी होते.

त्या दिवसाबद्दल मी तुझ्याशी कधी नीट बोलले नाही, कारण माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच. आपण तिघं मावशीकडे निघालो होतो, स्कूलच्या त्या दोन ब्रेकवाल्या गाडीतून. तू चालवत होतीस, हे शेजारी बसले होते आणि मी मागे. पुढे तो रेंगाळणारा ट्रक. तू हॉर्न दिलास, गाडी बाहेर काढलीस, आणि ती मध्येच गपकन थबकली. मागून टेम्पो आदळला आणि आपण खड्ड्यात. तुझं मनगट मोडलं होतं, तरी तू एकच घोकत होतीस, "मी ब्रेक दाबला नाही. बाबांनी त्यांच्याकडचा दाबला." आणि हे म्हणत होते, "मी पाय हलवलासुद्धा नाही!" तू माझ्याकडे बघितलंस. मी काय सांगणार? ओव्हरटेक म्हटलं की मी डोळे गच्च मिटून घेते, हे तुम्हा दोघांनाही माहीत आहे.

पुढचं तुला सांगायला नको. पुढच्याच महिन्यात तू तिथे शिकवायला लागणार होतीस. पाटीवर 'आणि कन्या' रंगवूनसुद्धा घेतलं होतं. आणि यांनी भरल्या वर्गात सगळ्या शिकाऊंसमोर म्हटलं, "जिला ऐन वेळी आपला ब्रेक आवरत नाही, ती दुसऱ्याला काय शिकवणार?" दुसऱ्या दिवशी पाटीवर रंग फिरला आणि तू बॅग भरलीस.

भिंगरे, माझं घोडं इथेच अडलंय गं. तू खोटं बोलणारी नाहीस. तुझे बाबा हजार गोष्टींत हेकट आहेत, पण खोटं तेही बोलत नाहीत. मग ब्रेक दाबला कोणी? इतकी वर्षं भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना हेच माझ्या डोक्यात.

मासे छान मिळतात इथे. तू जेवतेस ना वेळेवर?

आई

शुक्रवार, तिसरं बेट, बोटीतून उतरल्या उतरल्या

भिंगरे,

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर समजून घे. मी ते पाहिलं.

सांगते. या बोटीत बाकं समोरासमोर होती. गाडीत मी जन्मभर मागच्या सीटवर. यांची मान आणि टक्कल, एवढंच मला दिसायचं. चालत्या वाहनात नवऱ्याच्या समोर बसण्याची माझी ही पहिलीच वेळ. हे मजेत होते, पाण्यावरून उडणारे मासे दाखवत होते. तेवढ्यात लाट आली. चेहरा तसाच, हात तसाच मासे दाखवतोय, आणि खाली उजवा पाय खाडकन फळीवर. दाबला आणि सोडला. मला वाटलं, तोल सांभाळला असेल. दुसरी लाट आली, पुन्हा पाय. समोरून एक होडी आडवी गेली, ती लांब होती तरी पाय. आणि यांची गप्पांची गाडी जराही न थांबता चालूच! "बघ, बघ, केवढा उडाला!"

मग मी समुद्र सोडला आणि यांचा पायच बघत बसले. शेजारची नवी नवरी मला कोपराने ढोसून म्हणाली, "काकू, अजून इतकं बघत बसावंसं वाटतं का हो काकांकडे?" मी म्हटलं, "आजच वाटायला लागलंय."

मी मुद्दाम विचारलंसुद्धा, "अहो, पाय दुखतोय का?" म्हणाले, "कुठे काय? मस्त पसरून बसलोय." त्यांना पत्ताच नाही! सगळी हयात शिकाऊंच्या शेजारी बसून काढली. कोण कुठे घुसेल याचा नेम नाही. त्यांच्या आधी यांचा पाय धावायचा, म्हणून तर सगळे जिवंत घरी गेले. आता तो पाय यांना विचारतच नाही.

तू खरं सांगत होतीस, बाळा. आणि तेही खोटं बोलत नव्हते. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालंय मला. वाळूत बसून मी चक्क हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. हे टोपीने वारा घालायला लागले, त्यांना वाटलं ऊन लागलं.

यांना अजून काही बोललेले नाही. हिंमत होत नाही. आमच्या साहेबांना 'तुमचं चुकलं' म्हणायचं म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यात हात घालणं. आधी तुला सांगावंसं वाटलं. तुझ्यावर ते लेबल इतकी वर्षं चिकटलंय, ते निदान माझ्यापुरतं तरी मी आज सोलून काढलं.

आई

रविवार, चौथं बेट, संध्याकाळ

भिंगरे,

मला काही बोलावंच लागलं नाही. देवानेच एक न्हावी पाठवला.

आजची बोट खचाखच भरली होती. यांच्या समोर एक आडदांड गृहस्थ, धंद्याने न्हावी, आमच्यासारखाच बायकोबरोबर फिरायला आलेला, पायात साध्या चपला. निम्मी वाट सरली असेल. तो हात जोडून यांना म्हणाला, "साहेब, माझं काही चुकलं का?"

हे म्हणाले, "का हो?"

"बोटीत चढल्यापासून तुम्ही माझा अंगठा ठेचताय. मी सरकलो, तर तुम्हीही सरकलात. काही जुनं वैर असेल तर सांगून टाका."

आणि हे ताडकन म्हणाले, "मी? मी पाय हलवलासुद्धा नाही!"

तेच शब्द, तोच सूर. माझ्या अंगावर काटा आला. बोटीतली माणसं मात्र खो-खो हसायला लागली, कारण यांचा सँडल त्या क्षणीही त्या बिचाऱ्याच्या अंगठ्यावरच होता. न्हावीदादाने नुसतं बोटाने खाली दाखवलं. यांनी खाली बघितलं. आपलाच पाय, पण परक्याचा असावा तसं बघत राहिले. पाय उचलला. लाट आली, आणि सगळ्यांच्या देखत तो पुन्हा खाली गेला.

हसू थांबलं नाही, पण यांचा चेहरा पांढरा फटक पडला. माझ्याकडे वळले. मी 'हो' म्हणून मान हलवली.

लॉजच्या ओसरीत आल्यावर म्हणाले, "त्या दिवशीसुद्धा?"

मी म्हटलं, "त्या दिवशी माझे डोळे मिटलेले होते. पण परवापासून उघडे आहेत, आणि परवापासून मी हेच बघतेय."

टॉवेल तोंडाला लावून रडले गं. तुझी आजी गेली तेव्हासुद्धा मी यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. म्हणत होते, "पोरीचा हात मोडला होता, आणि मी तिलाच... सगळ्यांसमोर..." वाक्य काही पुरं होईना. मीही पुरं करू दिलं नाही. मग म्हटलं आता लपवून काय उपयोग, आणि सगळं सांगून टाकलं. "उद्याची बोट तीच चालवते."

"म्हणजे तू मला फसवून इथे आणलंस?"

"हो."

नाक पुसलं आणि म्हणाले, "बरं केलंस."

त्यानंतर ओसरीत जे सुरू झालं ते तू बघायला हवं होतंस. खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "तू ट्रक म्हण. मी पाय हलवत नाही, बघ." मी म्हटलं, "ट्रक!" पाय खाडकन. "पुन्हा म्हण." "ट्रक!" पुन्हा खाडकन. गुडघा दोन्ही हातांनी आवळून धरला, तरी बोटं वळवळतातच. "अगं, हा माझं ऐकतच नाही!" शेवटी लॉजवाला धावत आला, त्याला वाटलं खरंच कुठून ट्रक शिरला. या बेटावर ट्रकच नाही.

हे सगळं चाललं होतं, पण माझा जीव टांगणीलाच होता. 'नको' आलं नव्हतं, तसं 'हो' तरी कुठे आलं होतं? यांना सांगून बसले आणि आता तूच नको म्हणालीस तर? इतक्यात थैली उचलणारा हमाल ओसरीशी आला. म्हणाला, "गुडघ्याला पट्टा बांधलेल्या आई तुम्हीच ना? कप्तानबाईंचा निरोप आहे. उद्या उजवीकडच्या बाकावर बसा. सकाळी तिकडे ऊन येत नाही. आईला उन्हाने डोकं चढतं म्हणाल्या."

भिंगरे, जीव भांड्यात पडला! ते भांडं घेऊन मी ओसरीभर नाचले असते, पण पट्टा आड आला. यांनी मला तो निरोप पुन्हा पुन्हा सांगायला लावला. मग हळूच विचारलं, "माझ्याबद्दल काही?" मी म्हटलं, "बाक दोघांचा आहे."

हे पत्र त्याच हमालाजवळ देतेय. आमच्या आधी तुझ्या हातात पडेल. यांनी उद्या काय बोलायचं ते ठरवलंय, पण मला सांगत नाहीत. काही वेडंवाकडं बोलले तर सुकाणू सोडू नकोस, एवढं कर.

आई

मंगळवार, पाचवं बेट, तुझ्या स्वयंपाकघरात

भिंगरे,

तुम्ही दोघं पहिल्या फेरीला गेलात आणि मी तुझ्या ओट्याशी बसलेय. चहाची पावडर कुठे ठेवतेस गं? अर्धं कपाट उचकलं. पत्र लिहायची सवयच लागली मला. हे थैलीत टाकते, तुझ्याच बोटीतून फिरून तुझ्याकडे येईल. समोर असताना काही गोष्टी बोलता येत नाहीत. त्यात काल तू पुढे बघत होतीस, तुझ्या पाठीमागे काय चाललं होतं ते तुला कसं कळणार?

आम्ही चढलो तेव्हा तू काचेतून एकदा बघितलंस आणि टोपी खाली ओढून घेतलीस. मला वाटलं, आता बाहेर येशील. आली नाहीस. यांचाही पाय फळीवर अडखळला. मग त्यांनी काय केलं असेल? सँडल काढले, माझ्या पिशवीत घातले आणि उजवीकडच्या बाकावर चक्क मांडी घालून बसले! जेवायला बसतात तशी, पाय दुमडून, जमिनीला बोटसुद्धा लागणार नाही अशी. मला म्हणाले, "आज हिच्या बोटीत मी खाली पाय ठेवणार नाही." तो न्हावीदादाही होताच. यांना बघताच तो पार टोकाच्या बाकावर पळाला आणि त्यानेही पाय पोटाशी घेतले.

मग ती मालवाहू बोट पुढे आली, जडशीळ, रेंगाळणारी. तू भोंगा दिलास. माझ्या पापण्या सवयीने मिटायला लागल्या. मी त्या बळेच उघड्या ठेवल्या. जन्मात पहिल्यांदा मी ओव्हरटेक पाहिला, आणि तो तुझा पाहिला. तू बोट बाहेर काढलीस. तिच्या लाटांवर आपण जरा हेलकावलो. यांनी दोन्ही हातांनी स्वतःचा उजवा पाय धरला होता, पिंजऱ्यातल्या कोंबडीसारखा तो धडपडत होता. पण सोडला नाही. घामाने निथळत होते, ओठ दाताखाली. आणि आपण पुढे निघून गेलो, इतक्या अलगद, की त्या फोटो काढणाऱ्या जोडप्यांना कळलंही नाही.

तेव्हा ते मोठ्याने बोलले. ते तू ऐकलंस. "बरोबर वेळेला काढलीस." मग अजून मोठ्याने, सगळ्या बोटीला ऐकू जाईल असं, "त्या दिवशीही बरोबरच काढली होतीस. ब्रेक मी दाबला होता. तू नाही."

न्हावीदादा टोकावरून म्हणाला, "साक्षीला माझा अंगठा आहे."

तू वळली नाहीस. तुझे खांदे तेवढे हलले. तू म्हणालीस, "बाबा, गाडी चालू असताना चालकाशी बोलायचं नाही. तुमचाच नियम आहे." आवाज पार भिजलेला होता तुझा. हे "हो, हो, सॉरी" म्हणून शाळेतल्या पोरासारखे ओठांवर बोट ठेवून बसले. पण तुझ्या टोपीवरून नजर हटवली नाही. धक्क्याला तू बोट एका दमात लावलीस, तेव्हा मला कानात म्हणाले, "दहा." त्यांनी आजवर कुणाला दहा दिलेले मला आठवत नाही.

मग तू आलीस, समोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "पाय सोडा आता खाली. या बोटीला पायात ब्रेकच नाही, कुठेही दाबा." यांनी पाय सोडले आणि कळवळले. एवढा वेळ मांडी घातल्यावर मुंग्या येणारच. उठता येईना. तू वाकून खांदा दिलास आणि तशीच त्यांना धरून धक्क्यावरून, बाजारातून, चढ चढून घरापर्यंत आणलंस. हे पावलोपावली लंगडत होते, 'आई गं, आई गं' करत होते. मी पिशव्या घेऊन मागून येत होते. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

आता एक सांगते, ते तुझ्याजवळच ठेव. बाजाराच्या तोंडाशी तू आमच्यासाठी पाव घ्यायला दुकानात शिरलीस ना? तेव्हा एक सायकल अंगावर आली, तर तुझे बाबा टुणकन उडी मारून बाजूला झाले. मी म्हटलं, "अहो, मुंग्या गेल्या की तुमच्या!"

इकडेतिकडे बघून म्हणाले, "गेल्या गं, धक्क्यावरच गेल्या. तू बोलू नकोस तिला." आणि तू पाव घेऊन बाहेर आलीस तशी पुन्हा तोंड वाकडं करून खांद्यासाठी हात पुढे केला.

नाटक मलाच जमतं असं वाटत होतं मला.

तुझी आई